कवळीवाल्याची दहा गाणी

माझे भाऊजी कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन साचा त्यांच्याकडे पाठवतात. मग भाऊजी त्या पांढऱ्या साच्यावर मेण बसवतात, दात लावतात, गुलाबी हिरड्या ओततात आणि मोटरवर घासून घासून कवळी गुळगुळीत करतात. आमच्या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं भाऊजींच्या दातांनी हसतात आणि उरलेली निम्मी त्याच दातांनी त्यांना नावं ठेवतात, असं मी नेहमी म्हणते. मी त्यांची मेहुणी, त्यामुळे मला तेवढी सूट आहे.

त्यांचं काम घरातच चालतं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून लांब टेबल, टेबलावर मोटर, मेण वितळवायचा दिवा आणि रांगेने मांडलेले साचे. कोपऱ्यात रेडिओ. त्याच्या बटणांवर प्लास्टरचा इतका थर चढलाय की आवाज कुठल्या बटणाने वाढतो ते फक्त भाऊजींना ठाऊक. मागे स्वयंपाकघर, तिथे माझी ताई. दोन्हीच्या मधे आठ पावलांचा बोळ. ही आठ पावलं मी मोजली आहेत, त्याला कारण आहे.

भाऊजी सत्तावीस वर्षांचे असताना रेडिओवर रविवारी सकाळी श्रोत्यांच्या पसंतीची दहा गाणी लागायची. एका रविवारी त्यांचं आवडतं गाणं यादीत आलंच नाही, आणि पहिल्या नंबरवर असं काही लागलं की भाऊजींच्या अंगाची लाही झाली. "या लोकांना कान आहेत की नुसती भोकं?" असं म्हणून त्यांनी एक लांबलचक वही काढली आणि त्या आठवड्याची स्वतःची दहा गाणी लिहिली. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. ताईला वाटलं, राग उतरला की वही रद्दीत जाईल. त्याला आता तेहतीस वर्षं झाली. आठ वह्या भरल्या, नववी चालू आहे, आणि एकही रविवार कोरा नाही. लेक जन्मली त्या रविवारचीही यादी आहे, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलेली.

भाऊजींचे नियम मात्र कोर्टापेक्षा कडक. गाणं आठवड्यात निदान तीनदा कानावर पडलं पाहिजे, तेही पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. अर्धवट ऐकलेलं धरायचं नाही. नवं गाणं कितीही आवडो, ते दहाव्या नंबरवरच येणार, आणि आठवड्याला फार तर दोन नंबर वर सरकणार. एकदा शाईने लिहिलं की खाडाखोड नाही. गाणं रेडिओवरचंच हवं असं काही नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याची शीळ एकदा चार आठवडे यादीत होती, आणि ते त्याला कळल्यावर त्याने शीळ घालणं सोडलं, कारण म्हणे आता दडपण येतं.

गाण्यांची खरी नावं भाऊजी लिहीत नाहीत. त्यांची नावं त्यांनी स्वतः ठेवलेली असतात. 'दार आपटतं ते', 'बाई रडता रडता हसते ते', 'बासरी उशिरा येते पण येते'. किती वेळा ऐकलं याच्या रेघा ते हाताशी असेल त्या साच्याच्या तळावर पेन्सिलीने ओढतात. एकदा असाच साचा डॉक्टरांकडे परत गेला. त्याच्या तळावर लिहिलं होतं, 'बाई हसते, दोनदा'. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, ही कुठली पेशंट?

या वह्यांमध्ये माझी ताईसुद्धा होती. लेकीचा पहिला दात पडला तेव्हा ती इतकी रडली की ताईने तिच्यासाठी एक गाणं जुळवलं. 'दात निघाला गावाला, टोपी नाही डोक्याला' असं काहीतरी. तीन कडवी, चाल तिची स्वतःचीच. ताईचा आवाज बारीक आणि गोड. ती मोठ्याने कधी गायची नाही, भांडी घासताना, भाजी निवडताना आपल्यापुरतं म्हणायची. ते बोळातून पुढच्या खोलीत पोचायचं. वहीत त्याचं नाव 'दात गावाला'. ते दहावरून चढत चढत पहिलं आलं आणि नऊ आठवडे तिथेच बसलं. पुढची दहा वर्षं ते कधी चौथं, कधी नववं, पण यादीतून बाहेर पडलं नाही. दर रविवारी भाऊजी वही उघडी ठेवून आंघोळीला जायचे, आणि ताई हात पुसत पुसत यायची, वाचायची, परत भांड्यांकडे जायची. आपण कितवे आहोत ते बघायची, दुसरं काय.

मग एका वर्षी ते गाणं गेलं. आधी सातवं, मग दहावं, मग नाहीच. त्यानंतर पुन्हा कधी आलं नाही. पुढे ताईने गाणं सोडलं. याला आता चौदा वर्षं होत आली. ताईने कुणाला काही सांगितलं नाही, पण तिची बहीण मी, मला सांगावं लागत नाही. ज्या माणसाला मी आवडत नाही त्याच्या घरात मी कशाला गाऊ, असं ते होतं. गाणं गेलं, मग हळूहळू बोलणंही कामापुरतं उरलं. भाऊजी पुढे, ताई मागे, मधे आठ पावलं. मला भाऊजींचा राग होता. वही लिहायची हौस ठीक आहे, पण बायकोला नंबर देऊन वर तिला खाली उतरवायचं, हे मला पटत नव्हतं.

यंदा भाऊजी साठीचे झाले आणि ताईने लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. लेक दुसऱ्या गावात नोकरी करते. "किती दिवस?" मी विचारलं. ताई म्हणाली, "बघू." परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. बॅग बोळात दाराशी येऊन बसली होती. भाऊजी येताजाता तिला वळसा घालायचे आणि काही विचारायचे नाहीत. ही बॅग आठवड्याभराची नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने मला फोन केला. "मावशी, बाबांच्या साठीला त्यांच्या सगळ्या वह्या टाइप करून छान बांधून देऊया का?" मी छापखान्यात टायपिंग करते, म्हणून हे माझ्या गळ्यात. मी नाइलाजाने वह्या घरी आणल्या आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत टाइप करायला लागले.

पहिल्या चार वह्या करताना मजा आली. खोटं कशाला बोलू, भाऊजी लिहितात बरं. समासात बारीक अक्षरात शेरे आहेत. 'गायक चांगला, पण त्याला ते माहीत आहे.' 'हे गाणं पावणेतीन मिनिटांत संपायला हवं होतं, चार मिनिटं रेंगाळतं.' पाचव्या वहीपासून शेऱ्यांचा सूर बदलला. 'हल्ली बासरी उथळ वाटते.' 'हल्लीच्या गायिका शब्द खातात.' 'व्हायोलिनमध्ये पूर्वीची चमक राहिली नाही.' आणि मग एक मोठा, ठसठशीत शेरा: 'माणूस वयाने खोल होत जातो. बारीक आवाजातून मन निघून जाड आवाजात रमतं. आवड पक्व होत आहे.' यादीतून एकेक करून बायका गेल्या होत्या, बासऱ्या गेल्या होत्या, मुलांची गाणी गेली होती. सहाव्या वहीत तर नुसते खर्जातले बाप्ये आणि ढोल. मी मनात म्हटलं, वा रे पक्व.

मग मागे वळून पाचव्या वहीत 'दात गावाला' यादीत शेवटच्या वेळी आलं तो रविवार शोधला. पुढच्या पानावर, समासात, पेन्सिलीने लिहिलं होतं: 'घरातलं गाणं बंद झालं. तीन आठवडे एकदाही नाही. तिने सोडलं वाटतं. विचारू का? नको. तिची मर्जी.'

मी ते चार वेळा वाचलं. कारण हे खोटं होतं. त्याच वर्षी आमचा छापखाना त्यांच्या गल्लीत हलला होता, आणि जागा मिळेपर्यंत मी वर्षभर त्यांच्याकडे राहिले होते. ते वर्षभर ताई गात होती. रोज. मी स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहून भांडी पुसत होते. तिने सोडलं ते नंतर, वर्षभर वाट बघून. आणि हा माणूस लिहितो, बंद झालं! आणि वर मोठेपणा, तिची मर्जी!

मी वही काखेत मारली आणि तडक त्यांच्या घरी गेले. आज काय ते तोंडावर विचारायचंच, असं ठरवून.

ताई बाजारात गेली होती. भाऊजी पलंगावर होते, अंगात कणकण होती, काखेत तो बॅटरीवरचा नवा थर्मामीटर. "बस," ते म्हणाले, "हा वाजला की चहा टाकतो." मी बसले. मनात वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात थर्मामीटर वाजला. टी-टी, टी-टी, चांगला दहा-बारा वेळा. भाऊजी शांतपणे माझ्याकडे बघत होते.

"ताप काय आहे?" मी विचारलं.

"वाजू तरी दे. हे नवे थर्मामीटर सगळे बोगस. मागच्या खेपेला वीस मिनिटं धरून बसलो, वाजलाच नाही."

जुळवलेली वाक्यं मी बाजूला ठेवली. मी उठले, त्यांच्या काखेतून थर्मामीटर काढला, बंद करून पुन्हा चालू केला. चालू होतानाही तो वाजतो. तो मी त्यांच्या कानापासून हातभर धरला. "आता?"

"आता काय?"

मी पुन्हा केलं. ते पुन्हा माझ्याकडे बघत राहिले, खुळ्यासारखं काय करतेयस अशा चेहऱ्याने.

कान तपासायला न्यायला मला चार दिवस लागले. "मला सगळं ऐकू येतं. आत्ता तू बोलतेस ते ऐकतोय ना?" हे एकच पालुपद. शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, नाही आलात तर मी वह्या टाइप करणार नाही." तेव्हा आले.

कान तपासणारी बाई तरुण होती, कामाला चोख. तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला भाऊजी भराभर बटण दाबत होते. मग थोडे थांबून. मग त्यांचा अंगठा नुसताच बटणावर राहिला, आणि ते एखाद्या गाण्याची वाट बघावी तसे मान कलती करून बसले. बाई तिच्याकडून आवाज वाढवत होती. तो अंगठा मला बघवेना.

कागदावर एक रेघ आली. डावीकडे बरी सपाट, आणि मधून उजवीकडे घसरत घसरत पार खाली. "जाड आवाज चांगले येतात," बाई म्हणाली. "बारीक आवाज गेलेत. बीप, पाखरं, स आणि श, बायकांचा हळू आवाज. समोर बसलेल्या माणसाचं ओठांवरून कळतं, लांबून आलेलं नाही. काम काय करता?"

"कवळ्या. मोटरवर घासतो."

"कानाला काही लावता?"

"काही लावलं तर रेडिओ कसा ऐकू येणार?"

बाईने पेन खाली ठेवलं. "हे एका दिवसात नाही झालेलं. पंधरा-सोळा वर्षं तरी हळूहळू जातंय."

भाऊजींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी एकच विचारलं. "म्हणजे आवड बदलली नव्हती?"

बाईला प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि मला रडू आलं. इतकी वर्षं या माणसाचा राग राग केला होता मी.

घरी आल्यावर मी मधे पडले नाही, नुसती बोळात बॅगेशेजारी उभी राहिले. भाऊजींनी पाचवी वही ते पान उघडून ताईसमोर धरली आणि कानांचा कागद वर ठेवला. ताईने आधी कागद वाचला, मग समासातला शेरा. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. पण ताईला आला राग.

"वर्षभर गात होते मी," ती म्हणाली. "वर्षभर! रोज वाटायचं, या रविवारी तरी येईल. आणि तुम्ही लिहिता, सोडलं वाटतं? उठून आठ पावलं चालून विचारायचं नाही?"

"मला वाटलं, तुझी इच्छा नाही."

"आणि मला वाटलं, तुमची!"

"मग तू का नाही विचारलंस?"

"मी काय विचारू? मी कितवी आहे म्हणून?"

तीन दिवस दोघं बोलली नाहीत. मी हात टेकले होते. लेकीकडे जायचं तिकीट शनिवारचं होतं, आणि भाऊजींची कानातली यंत्रं शुक्रवारी आली. यंत्रं बसवल्यावर पहिला तासभर ते नुसते कुरकुरत होते. फ्रिज एवढा आवाज करतो? माझ्या चपला करकरतात आणि मला कोणी सांगितलं नाही? वहीचं पान उलटलं तर दचकले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, म्हण ना ते."

ताई भांडी विसळत होती. तिने वळून बघितलं नाही. "आवाज गेला माझा. चौदा वर्षं घसा बंद आहे."

"असू दे. म्हण. या रविवारी सरळ पहिल्या नंबरवर लिहितो."

ताईने नळ बंद केला. मला वाटतं, सगळं त्या क्षणी ठरलं, एकतर इकडे नाहीतर तिकडे. ती त्यांच्याकडे वळली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नवं गाणं कुठल्या नंबरवर येतं?"

"पण हे काही नवं..."

"पंधरा वर्षं यादीत नाही, म्हणजे नवंच. नियम काय आहे तुमचा?"

"दहाव्या," भाऊजी म्हणाले.

"मग दहाव्यावर घ्या. दया करून वर बसवू नका मला. मी माझी चढेन."

आणि ती गायली. आवाज चिरका झाला होता, दुसऱ्या कडव्यात ती शब्द विसरली, टोपीच्या ठिकाणी चप्पल घातली. भाऊजी दाराच्या चौकटीला धरून ऐकत होते, डोळे मिटून, आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांना सगळे शब्द पाठ होते. दात निघाला गावाला.

संध्याकाळी ताईने लेकीला फोन केला. "उद्या नाही येत. सहा आठवडे तरी जमणार नाही." लेकीने विचारलं, का? ताई म्हणाली, "मला इथे काम आहे." हिशेब साधा होता. दहावरून निघून आठवड्याला दोन नंबर चढत पहिलं यायला सहा रविवार लागतात, तेही भाऊजींनी अजिबात खुसपट काढलं नाही तर.

आणि भाऊजी खुसपट काढतातच. पहिल्या रविवारी 'दात गावाला' दहावं आलं. दुसऱ्या रविवारी ताई आठव्याची वाट बघत होती, तर नववं. तिने भाऊजींची आंघोळ संपेपर्यंतही दम धरला नाही, न्हाणीघराच्या दाराशी जाऊन विचारलं, "नववं का?" आतून उत्तर आलं, "मधलं कडवं घाईत उरकतेस." ताईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तणतणत होती, पण मधेच तिला हसू फुटलं. असं हसताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

परवा शुक्रवारी मी टाइप केलेली पानं दाखवायला गेले होते. बॅग अजून बोळातच आहे, पण ताई तिच्यावर आता वाळलेले कपडे ठेवते. आम्ही भाजी निवडत बसलो होतो. बोलता बोलता ताई उठली.

"थांब गं जरा. या आठवड्यात दोनदाच झालंय माझं."

ती बोळातून पुढच्या खोलीच्या दारात गेली. मी मागून बघत होते. भाऊजी मोटरवर कुणाचीतरी वरची कवळी घासत होते, रेडिओ चालू होता. ताई दारात उभी राहिली. त्यांनी आधी रेडिओ बंद केला, मग पायाखालचं बटण सोडलं. मोटर पूर्ण थांबली. मग ताईने पहिल्या सुरापासून सुरुवात केली. मधल्या कडव्यात ती मुद्दाम सावकाश गेली, एकेक शब्द सुटा करून. भाऊजी हातात ती कवळी धरून ऐकत होते.

गाणं संपलं. भाऊजींनी पेन्सिल घेतली आणि साच्याच्या तळावर तिसरी रेघ ओढली.

"मधलं कडवं?" ताईने विचारलं.

"रविवारी कळेल," भाऊजी म्हणाले, आणि मोटर चालू केली.